एडीएचडीची तपासणी करून घेतली (वय ४१), आणि आईने दिलेला जबाब

कृष्णाकाठ
१४ जून, रात्री ११:५२

हा धागा काढायचं मार्चपासून ठरवतेय. त्यावरून काय ते समजा.

मी मूळची सांगलीची, आता पुण्यात. घरून भाषांतराची कामं करते. गेल्या दोन वर्षांत जीएसटीचं रिटर्न पाच वेळा उशिरा भरलं, खात्यात पैसे असताना विजेचं बिल थकवलं, आणि नोव्हेंबरात एका दुपारी लेकीला शाळेतून आणायलाच विसरले. पाऊण तास ती वॉचमनकाकांच्या खुर्चीवर बसून होती. मी तेव्हा एका शब्दाची व्युत्पत्ती शोधत होते. तो शब्द हातातल्या भाषांतरात नव्हताच. वेंधळी, विसरभोळी, आरंभशूर ही विशेषणं लहानपणापासून अंगवळणी पडलीयत, पण त्या दिवशी पोटात खड्डा पडला.

मग रात्रभर वाचन, आणि त्यात सापडला एडीएचडी: लक्ष टिकत नाही, चंचलता-उतावळेपणा आवरत नाही, आणि हे लहानपणापासूनच. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची प्रश्नावली आहे. तिच्या पहिल्या भागात सहाच प्रश्न. चार किंवा जास्त उत्तरं गडद रकान्यात पडली तर नीट तपासून घ्या, एवढाच तिचा अर्थ. माझी सहाच्या सहा पडली.

मध्ये एक फसलेला प्रयोगही झाला. एका चकचकीत सेंटरमध्ये (नाव घेत नाही) डोक्याला तारा लावून 'ब्रेन मॅपिंग' केलं. बारा हजार रुपये. मेंदूची लाल-निळी चित्रं, स्पायरल बाइंडिंगची फाइल आणि वर तीस सेशन्सचं पॅकेज. माझं बालपण, झोप, काम यांबद्दल एक प्रश्न नाही. त्या फाइलच्या पाठकोऱ्या बाजूंवर सध्या लेक मांजरं काढते.

शेवटी ओळखीतून एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या. तीन बैठका, मिळून साडेसात हजार. मी ठोकळे जुळवायला लावतील, स्क्रीनवर बटणं दाबायला लावतील अशा तयारीने गेले होते. तसलं काही नाही. नुसते प्रश्न, आणि तेही शिताफीने विचारलेले. झोप किती, घोरतेस का, मन उदास असतं का, काळजीने पोट दुखतं का, कधी चार-चार दिवस न झोपताही उत्साह ओसंडून वाहतो का. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून आणायला सांगितलं. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आईंना आणता येईल का? आणि जुनी प्रगतिपुस्तकं असली तर."

आई एसटीने आली. पिशवीत पहिली ते दहावीची प्रगतिपुस्तकं, क्रमाने, रबर लावून. (मी आधार कार्ड दोनदा हरवलंय.) चौथीच्या बाईंचा शेरा: 'हुशार आहे, परंतु लक्ष खिडकीबाहेर.' सहावीचा: 'वह्या अपूर्ण. वक्तृत्व उत्तम.'

मोठ्या माणसांसाठी जी मुलाखत घेतात तिचं नाव 'दिवा-५'. मूळ डच आहे म्हणे. प्रत्येक लक्षण दोनदा विचारतात, आता कसं आहे आणि लहानपणी कसं होतं. नाव ऐकून आई म्हणाली, "हिने काय दिवे लावले ते बघायची परीक्षा का?" मॅडम एवढ्या हसल्या की पुढचा ताण गेलाच.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. मॅडमनी विचारलं, "काकू, ही शाळेत वस्तू हरवायची?"

आई ठामपणे: "छे. एकदाही नाही."

मला वाटलं, झालं, केस संपली. मॅडमनी मान डोलावली आणि विचारलं, "का बरं हरवायची नाही?"

"मी हरवू दिल्या तर ना!"

आणि मग आई सुटली. कंपासपेटी दप्तराला सुतळीने बांधलेली. स्वेटरला आतून नाव विणलेलं. छत्री कधी द्यायचीच नाही, रेनकोटच. अंगातला रेनकोट हरवत नाही. रोज रात्री वेळापत्रक बघून दप्तर ती भरायची, दहावीपर्यंत. रिक्षावाल्या मामांना ताकीद होती, पोरगी उतरल्यावर सीट बघायची. परीक्षेला तीन पेनं, त्यातलं एक वर्गशिक्षिकेकडे. अभ्यासाला बसवायचं तर शेजारी तांदूळ निवडत बसायचं. "मी उठले की ही उठायची. वर्षाचे तांदूळ दोन महिन्यांत निवडून व्हायचे माझे."

मॅडम लिहीत होत्या. घरकामाचं विचारलं तेव्हाही असंच. "विसरते का?" "नाही, मी सांगतच नव्हते. सांगून करण्यापेक्षा आपण केलेलं बरं."

वीस मिनिटांनी आई बोलता बोलता थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मीच हिला सवय लावून बिघडवली का?"

मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही नसता तर ही दहा वर्षांची असतानाच माझ्यासारख्या कुणाकडे आली असती."

अठराव्या वर्षी मी पुण्यात हॉस्टेलवर आले आणि पहिल्याच वर्षी तीन विषय राहिले. बारावीला ८४ टक्के होते. घरच्यांनी पुण्याच्या हवेला दोष दिला, सिनेमांना दिला, माझ्या रूममेटला दिला. टेकू निघाला होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

निदान: लक्ष न लागण्याच्या नऊपैकी आठ लक्षणं, चंचलतेच्या नऊपैकी तीन. 'मुख्यत्वे अवधानाची कमतरता' असलेला प्रकार. औषधांचं विचारायला आता सायकियाट्रिस्टकडे जायचंय.

तुमचे अनुभव सांगा. आणि सासरी सांगितलंत का? मी अजून नाही.

भडंग
१५ जून, सकाळी ७:१०

रेनकोट!!! अगं आमच्याकडे वॉटरबॅगचा पट्टा शिवून टाकला होता दप्तराला. धुवायची कशी, तर दप्तरासकट.

जुनेखोड
१५ जून, सकाळी ९:३४

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी याला उनाडपणा म्हणायचे आणि दोन रट्ट्यांत बरा व्हायचा. आता प्रत्येक गोष्टीला इंग्रजी आद्याक्षरं. मोबाइल आल्यापासून कुणाचं लक्ष लागतंय सांगा. माझंही लागत नाही. मग अख्ख्या महाराष्ट्राला एडीएचडी झालाय का? आईने तांदूळ निवडत शेजारी बसणं याला आम्ही संस्कार म्हणत होतो.

कृष्णाकाठ
१५ जून, सकाळी ९:५०

काका, रट्टेही खाल्लेत. भरपूर. सहावीत 'वह्या अपूर्ण'साठी हातावर पट्टी, दर शनिवारी. वह्या शेवटपर्यंत अपूर्णच राहिल्या.

पाटीपेन्सिल
१५ जून, दुपारी १:१५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. जुनेखोड यांचा मोबाइलचा मुद्दा टाकाऊ नाही, उलट निदानाच्या नियमांत त्याचं उत्तर आहे म्हणून लिहिते.

२०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निकषांप्रमाणे एकूण अठरा लक्षणं आहेत, नऊ अवधानाची आणि नऊ चंचलता-उतावळेपणाची. मुलांमध्ये एका गटातली सहा लागतात, सतरा वर्षांपुढच्यांना पाच. पण नुसती बेरीज करून भागत नाही. त्यातली बरीच लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत (आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सातच होती), किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे फक्त ऑफिसात किंवा फक्त घरी नाही, त्यांनी आयुष्यात खरोखर अडथळा यायला हवा, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्यांचा जास्त चांगला उलगडा होता कामा नये. तिशीत स्मार्टफोन आला आणि तेव्हापासून पुस्तक वाचवत नाही, अशा माणसाला पहिल्याच अटीवर मी थांबवते. म्हणून बालपण एवढं खणतो आम्ही. पेशंटची स्वतःची आठवण त्यासाठी फार भरवशाची नसते, म्हणून आईवडील, थोरली भावंडं, प्रगतिपुस्तकं.

कृष्णाकाठ यांच्या मॅडमनी 'का बरं हरवायची नाही' हे विचारलं ना, तिथे मी खुर्चीतून उठून दाद दिली. पाश्चात्त्य प्रश्नावल्या असं धरून चालतात की पोर आपलं दप्तर आपण भरतं. आपल्याकडे आई, आजी, शेजारच्या काकू आणि रिक्षावाले मामा मिळून एक पोर शाळेत पोचवतात. 'हरवायची का' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर लिहून घेऊन पुढे जाणारे खूप आहेत. नवशिकी असताना मीही गेलेय.

कुणाकडे जावं याबद्दलही लिहिते. 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक विचारा, तो विचारण्यात उद्धटपणा काही नाही. सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर, औषध तेच लिहितात, आणि निदान तेही करू शकतात. निदान हे मुलाखतीतून होतं. बुद्ध्यंक चाचणी, संगणकावरची लक्ष मोजायची चाचणी या कधी मदतीला घेतो, पण नुसत्या त्यांच्या जोरावर एडीएचडी आहे किंवा नाही असं म्हणता येत नाही. मेंदूच्या रंगीत चित्रांवरून तर नाहीच. त्या बारा हजारांबद्दल वाईट वाटलं.

अंबाडी
१५ जून, दुपारी २:४०

पाटीपेन्सिल, एक भर घालू? मुलगा असा असला की 'खोडकर', 'बुडाला भिंगरी', आणि वर्गाला त्रास होतो म्हणून निदान शाळा तरी बोलावून घेते. मुलगी खिडकीबाहेर बघते. तिचा कुणाला त्रास नाही. ती 'स्वप्नाळू'.

आणि लग्नानंतरचं बघा. पुरुषांचं आईने सोडलेलं काम बायको उचलते. पाकीट कुठंय, किल्ली कुठंय, विम्याचा हप्ता भरला का. माझ्या नवऱ्याला आयुष्यात कधी कळणार नाही की त्याला हे आहे की नाही, कारण टेकू कधी निघालाच नाही. आमचा मात्र निघतो, आणि वर दुसऱ्या चार जणांचा टेकू आपण व्हायचं असतं. मी स्वतःला पंधरा वर्षं 'वाईट गृहिणी' समजत होते. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि सगळंच ढासळलं, तेव्हा गेले. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं तेव्हा ही लक्षणं वाढू शकतात असं डॉक्टरांनी सांगितलं.

सासरी सांगण्याबद्दल: मी 'थायरॉइडसारखंच एक असतं' असं सांगितलंय. खोटं आहे. चालतंय.

नाशिकचा_चिवडा
१५ जून, रात्री ९:२०

सगळ्यांचं निदान 'आहे' असं झालेलं दिसतंय, म्हणून माझं लिहितो. माझं 'नाही' असं झालं.

वय ३६, आयटीत. मीटिंगमध्ये डोकं बधिर, एक ईमेल लिहायला दोन तास. रील्स बघून खात्री पटलेली. एएसआरएसमध्ये सहापैकी पाच. माझ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं. आईने मला बुडवलं. म्हणाली, हा लहानपणी तासन्‌तास कॅरमच्या सोंगट्या रंगांप्रमाणे लावत बसायचा, दप्तर स्वतः भरायचा, आमचीच औषधं लक्षात ठेवायचा. मॅडमनी तिलाही 'का' विचारलं, कुणी आठवण करायचं का वगैरे. नाही, माझं मीच. प्रगतिपुस्तकात 'नीटनेटका'.

मग मॅडमनी बायकोला विचारलं, घोरतात का. बायको म्हणाली, घोरतात आणि मध्येच श्वास थांबतो, मी हलवते. झोपेची रात्रभराची चाचणी झाली. स्लीप अ‍ॅप्निया, बऱ्यापैकी गंभीर. शिवाय चिंतेचा विकार. आता रात्री सीपॅप (नाकावाटे हवा सोडत राहणारं यंत्र) लावून झोपतो, हत्तीसारखा दिसतो, पण ईमेल वीस मिनिटांत होतं.

विचित्र भाग असा की निदान 'नाही' आलं तेव्हा मला वाईट वाटलं. दोन महिने मी स्वतःला जी गोष्ट सांगत होतो ती हातातून गेली. मॅडमना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे बरेच जण म्हणतात.

लातूर_रोड
१५ जून, रात्री १०:०५

साडेसात हजार आणि पुणे-मुंबई. आम्ही काय करावं? आमच्याकडे 'मेंटल' म्हणजे डायरेक्ट येरवडा. गावात कळलं तर बहिणीचं लग्न अडेल म्हणतात.

पाटीपेन्सिल
१५ जून, रात्री १०:४८

@लातूर_रोड, लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. ओपीडीत केसपेपर काढायचा. गर्दी असते, पहिल्याच दिवशी सगळं होणार नाही, तीन-चार चकरा धरून चाला. जिल्हा रुग्णालयांतूनही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार मिळतात. बोलून तर बघू म्हणत असाल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आणि मराठीतही बोलतात. तिथे निदान होत नाही, पण जवळ कुठे जावं ते सांगतात. बरेच आरसीआय नोंदणी असलेले लोक आता ऑनलाइनही मुलाखत घेतात.

आणि गोपनीयतेचं: मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. गाव काय बोलेल त्याला मात्र कायदा नाही.

लेस्टरकर
१६ जून, पहाटे ३:१२ (इथे अजून कालची रात्र आहे)

इंग्लंडमधला अनुभव. इथे पैसे नाही, वर्षं लागतात. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, माझं नाव स्थानिक यादीत टाकलं तेव्हा सांगितलं की काही वर्षं धरून चाला. मग कळलं की इंग्लंडमध्ये 'राइट टू चूज' म्हणून तरतूद आहे, जीपीच्या चिठ्ठीवर एनएचएसशी (इथली सरकारी आरोग्यसेवा) करार असलेल्या दुसऱ्या संस्थेकडे जाता येतं. (स्कॉटलंड-वेल्सवाल्यांनो, ही तुमच्याकडे नाही.) तरी चौदा महिने गेले. निदानानंतर औषधाची मात्रा ठरवायला वेगळी रांग.

त्यांनीही शाळेचे रिपोर्ट मागितले. आमची प्रगतिपुस्तकं चिपळूणच्या २००५च्या पुरात गेली. बाबा नाहीत, आईला ऐकू कमी येतं. शेवटी थोरल्या ताईने फॉर्म भरला. तो इंग्रजीत. 'मोटर लावल्यासारखा सतत धावतो का' अशा अर्थाचा प्रश्न होता. ताईने फोन करून विचारलं, "म्हणजे पायाला भिंगरी का रे?" मी म्हटलं हो. तिने समोरच्या रिकाम्या जागेत लिहिलं की हा नऊ वर्षांचा असताना एकाच महिन्यात दोनदा विहिरीत पडला होता. तपासणाऱ्या बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "दोनदा?"

भडंग
१६ जून, सकाळी ७:०२

दोनदा?

लेस्टरकर
१६ जून, दुपारी २:३०

दुसऱ्यांदा पहिल्यांदा कसा पडलो ते दाखवताना.

तिरफळ
१६ जून, दुपारी ४:१८

😂 बरं, औषधाचं कुणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. मला तीन वर्षं झाली, ठाण्यात.

भारतात मुख्य पर्याय दोन: मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन. अमेरिकेतल्या लोकांच्या तोंडी असतं ते अ‍ॅडरॉल इथे मिळत नाही. तिकडून येताना सोबत आणायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी आणि नियमांशी बोला, ते साधं औषध नव्हे. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो आणि दोन वर्षं जपतो. शिवाय ते विकायला केमिस्टकडे वेगळा परवाना लागतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलंत तर तो तुमच्याकडे चोरासारखं बघेल. मनाला लावून घेऊ नका. माझं एकच दुकान ठरलेलं आहे, तिथेही मी महिन्याची चिठ्ठी घरी विसरून गेलोय. लक्ष लागायचं औषध मिळवायला इतकं लक्ष द्यावं लागतं, हा सरकारचा विनोद आहे.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी रक्तदाब, नाडी बघितली, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का विचारलं, माझे वडील लवकर गेले म्हणून ईसीजी काढला. भूक जाते, झोपेवर परिणाम होतो, म्हणून गोळी सकाळी पोटभर खाऊन. मला पहिल्याच दिवशी तासाभरात फरक जाणवला. शांत वाटलं. डोक्यात कायम चार रेडिओ चालू असतात, त्यातले तीन कुणी बंद केले. अ‍ॅटोमॉक्सेटिनचं तसं नाही, त्याला कित्येक आठवडे द्यावे लागतात. मित्राने दहाव्या दिवशी 'काही होत नाही' म्हणून सोडलं.

अवांतर: मिथाइलफेनिडेट पहिल्यांदा बनवलं ते सिबा कंपनीच्या लेआंद्रो पानिझॉन यांनी, १९४४ साली. त्यांची बायको मार्गरिट टेनिसच्या आधी ते घ्यायची, तिला 'रीटा' म्हणत, म्हणून त्याचं ब्रँडचं नाव रिटालिन. हे मला कामाच्या वेळात शोधताना सापडलं, अर्थातच गोळी न घेतलेल्या दिवशी.

सातवीचा_बाप
१६ जून, रात्री ८:५५

मुलांचं थोडं वेगळं असतं. माझ्या मुलाच्या वेळी व्हँडरबिल्ट नावाचे फॉर्म दोन ठिकाणी भरून घेतले, घरी आणि शाळेत. वर्गशिक्षिकेचा आणि आमचा फॉर्म वाचला तर दोन वेगळी मुलं वाटावीत. मॅडम म्हणाल्या, असं असतं, म्हणून तर दोघांना विचारतो. बुद्ध्यंकासाठी मॅलिन यांची चाचणी झाली, भारतीय मुलांसाठी त्यांनी नागपूरला बेतलेली. सोबत वाचन-लेखनाच्याही चाचण्या, कारण एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता असण्याची शक्यता बरीच असते. त्याला दोन्ही निघालं.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती मला सहा महिन्यांनी कळली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडी नावाने नाही. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ वा लेखनिक हवा असेल तर नुसता एडीएचडीचा खासगी रिपोर्ट घेऊन शाळेत भांडू नका, आधी नेमकं कुठलं प्रमाणपत्र लागतं ते लेखी विचारा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेतून घ्यावं लागतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी क्लिनिक आहे. रांग लांब आहे, दहावीची वाट बघत बसू नका.

आणि हो, मुलाची मुलाखत चालू असताना प्रत्येक प्रश्नाला बायको माझ्याकडे बघत होती.

पाटीपेन्सिल
१६ जून, रात्री ९:३०

बघणारच. जुळ्यांच्या अभ्यासांतून याचा आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्के दिसतो. पोराला घेऊन येतात आणि परत जाताना बाप चप्पल शोधत असतो. 'आमच्या घरात सगळेच असे' हे वाक्य पालक निदान नाकारायला म्हणतात. मी ते कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात लिहिते.

जुनेखोड
१७ जून, सकाळी १०:११

दोन दिवस वाचतो आहे. माझं मत फार बदललं असं नाही. विहिरीत पडायला आम्हीही पडलो.

पण विचारतो. माझा धाकटा भाऊ, वय ६३. सात नोकऱ्या, दोन धंदे, बुद्धीने आम्हा सगळ्यांत तल्लख. वडील त्याला जन्मभर 'कामचुकार' म्हणाले, मीही म्हणालो. आई होती तोवर ठीक चालायचं. ती १९९८ साली गेली आणि त्यानंतर त्याचं काही धड लागलंच नाही. आम्हाला वाटायचं, दुःखाने. या वयात तपासून काय उपयोग?

पाटीपेन्सिल
१७ जून, सकाळी ११:०५

काका, त्रेसष्टीत निदान होतं. मी केलेलं आहे. त्या वयात रक्तदाब, हृदय, आधीची औषधं, विसरणं नवीन आहे की जुनंच, हे सगळं जास्त काटेकोर बघावं लागतं, आणि गोळी प्रत्येकाला देता येईलच असं नाही. त्यांची इच्छा असेल तरच आणा. आई नाहीत, तर बालपणाचा जबाब द्यायला थोरला भाऊ म्हणून तुम्हीच याल.

जुनेखोड
१७ जून, सकाळी ११:४०

बघतो.

कृष्णाकाठ
२१ जून, रात्री १२:२०

उत्तरं द्यायला उशीर झाला, टॅब उघडा होता पण वीस टॅबांच्या खाली. सगळ्यांना धन्यवाद. सायकियाट्रिस्टची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय, तीन ठिकाणी लिहून ठेवलीय, शिवाय अंबाडीने आठवण करायचं कबूल केलंय. ईसीजीचं विचारेन. नवऱ्याला अंबाडीचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो 'हं' म्हणाला आणि थोड्या वेळाने विम्याचा हप्ता कधी असतो ते विचारायला आला. सासरी थायरॉइडची आयडिया उचलतेय.

आज आईला हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला, तासभर लागला. लेस्टरकरांच्या विहिरीला ती खूप हसली. जुनेखोड काकांच्या भावाचं ऐकून गप्प झाली, मग म्हणाली, "ते जातील बघ त्याला घेऊन." माझ्या बाबांचं नाव मी मुद्दाम काढलं नाही, तर तिनेच काढलं. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, चाळीस वर्षं झाली, त्यांचा फॉर्म कोण भरणार म्हणे.

फक्त एका ठिकाणी तिने मला थांबवलं. रेनकोट हरवला नाही असं मी वर लिहिलंय ते चूक आहे. दोन हरवले होते. एक तिसरीत आणि एक पाचवीत, दुसरा तर धो धो पावसात. मी भिजत घरी आले आणि रेनकोट कुठंय विचारल्यावर अंगाकडे बघून म्हणाले, "घातलाय की." मॅडमना सांगायचं राहून गेलं म्हणून तिला चुटपुट लागलीय. तिथे दुरुस्त करून लिही, असं बजावलंय.